फुलमनीचं वजन

आमच्या घरात सेंटरला कुणी सेंटर म्हणत नसे. आये म्हणायची, 'खालचं शेत'. "दर्शू खालच्या शेतान गेलीय," असं ती शेजारणीला सांगायची आणि शेजारीण मान डोलवायची, कारण तिचंही शेत तिथेच गेलं होतं. नावड्याच्या बाजूला जिथे आमची भातखाचरं होती, तिथे आता काचेची भिंत, निळं छत, पोहण्याचा तलाव आणि आत देशभरातून निवडून आणलेल्या पोरापोरींचं हॉस्टेल होतं. बाहेरच्या लोकांनाही आत सोडत, पण कार्डावर. निळं कार्ड म्हणजे नॅशनलचे खेळाडू, हिरवं कार्ड म्हणजे बाजूच्या टॉवरमध्ये राहणारे मेंबर, आणि पिवळं कार्ड म्हणजे आम्ही, ज्यांची जमीन गेली त्यांची पोरं. पिवळ्या कार्डाला संध्याकाळी एक तास. तेवढ्यात जे काय खेळायचं ते खेळा आणि घरी जा. बाबा न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचे, घरी आले की विचारायचे, "आज आपल्या शेतात काय पिकलं गो?" आणि स्वतःच हसायचे. मला ते हसणं अजिबात आवडायचं नाही.

पहिल्यांदाच सांगून टाकते, मी काही मोठी खेळाडू नव्हते. माझा फोटो कुठल्या पेपरात आला नाही. मी पडायचे. ज्युडोत समोरच्याला उचलून मॅटवर आपटायचं असतं, आणि त्यासाठी आपटून घेणारं कुणीतरी लागतंच ना! त्याला पार्टनर म्हणत. पिवळ्या बॅचमध्ये मला बघून ज्युडोचे सर थांबले, त्यांनी मला काट्यावर उभं केलं, दोनदा पाडून पाहिलं आणि म्हणाले, "बेस्ट. ही पडते छान." चौदा वर्षांच्या पोरीचं असं कौतुक कुणी करतं का? पण मी फुशारून गेले. दुसऱ्या दिवसापासून सकाळी-संध्याकाळी मला निळ्या कार्डवाल्यांच्या निळ्या दारातून प्रवेश मिळाला, आणि मला आपटायला जी मुलगी दिली, ती फुलमनी.

फुलमनी झारखंडची. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, गालावर कांजिण्यांचा एक व्रण, हसली की हिरड्या दिसायच्या आणि त्याची तिला लाज वाटायची, म्हणून तोंडावर हात घेऊन हसायची. पहिल्या दिवशी तिने मला इतक्यांदा आपटलं की घरी आल्यावर मला बसताही येईना. दुसऱ्या दिवशी तिने कुठूनतरी मलम आणलं आणि माझ्या पाठीला चोळत बसली. मॅटवर ती माझी वैरीण आणि मॅटबाहेर बहीण, असं आमचं ठरूनच गेलं. रविवारी तिला बाहेर सोडत, तेव्हा मी तिला घरी आणलं. आये चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. आमच्याकडे गॅस होता, पण तांदळाची भाकरी ती मागच्या पडवीत चुलीवरच करायची. तो थापण्याचा आवाज ऐकून फुलमनी दारातच थबकली. मग आत येऊन, न विचारता, आयेच्या बाजूला मांडी घालून बसली. आयेने सुका बोंबील भाजून तिच्या पानात टाकला. हॉस्टेलमध्ये पनीर आणि उकडलेली कोंबडी खाऊन वैतागलेली ती पोर, त्या बोंबलाच्या वासाने अक्षरशः रडली. तिच्या घरीही सुकी मासळी, भात आणि भाताची पेज हेच जेवण. "कवरी बारीक झालीय बाय माजी," आये पहिल्याच भेटीत म्हणाली, जशी काही तिला लहानपणापासून बघत आली होती!

मग ती दर रविवारी यायची. तिला मराठी यायचं ते सगळं आयेकडून आलेलं, त्यामुळे झारखंडची मुलगी अस्सल आगरी बोलायची. "आये, मना भूक लागली," असं दारातून ओरडायची. सेंटरमध्ये टॉवरमधल्या बाया तिचं बोलणं ऐकून हसायच्या. त्या काचेपलीकडे बसून कॉफी पीत आमची प्रॅक्टिस बघत, मुलांना दाखवत, "बघ, ती दीदी एशियाडला जाणारे." जिला ती आपटत असे त्या मुलीबद्दल कुणी काही बोलत नसे. असो.

आता वजनाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. ज्युडोत वजनाचे गट असतात. फुलमनी बावन्न किलोच्या आत. बावन्नाच्या वर काटा गेला की खेळायचंच नाही, घरी जायचं. आणि पार्टनर त्याच वजनाची लागते, जड नको, हलकी नको. म्हणजे फुलमनीचं वजन सांभाळणं ही माझीही ड्युटी झाली. मी वाढत्या वयात होते हो! उंची वाढत होती, अंग भरत होतं, आणि सर मला सांगत, "बावन्नाच्या वर गेलीस तर पिवळ्यात परत पाठवीन." पहिलं वर्ष कसंबसं निभावलं. मग एका निवडीच्या ट्रायलला फुलमनीचं अधिकृत वजन थोडंसं जास्त भरलं, खेळायच्या आधीच तिला बाद केलं, आणि तेव्हापासून तिने काट्याची धास्तीच घेतली. नुसता काटा दिसला तरी हातपाय कापायचे, उलटी व्हायची, दोन-दोन रात्री झोप नाही. सरांनी त्यावर तोडगा काढला. "तू काट्याकडे बघूच नको. दोघींचं जेवण एक, पाणी एक, पळणं एक. दर्शना काट्यावर उभी राहील. तिचा काटा तो तुझा काटा." आणि गंमत म्हणजे ते चाललं. बरेच महिने चाललं. मधूनअधून फुलमनीला डोळे मिटून उभं केलं की दोघींचं एकच यायचं. सरांना त्या युक्तीचा भारी अभिमान. मेंबर लोकांना बोलावून सांगायचे, "या दोन मुली म्हणजे एकच शरीर समजा."

एकच शरीर! आज या वयात मला त्या शब्दांची फार चीड येते. दवाखान्यात मी आजही काट्यावर पाठमोरी उभी राहते आणि नर्सला सांगते, बाई, लिहून घे, मला सांगू नकोस. सुनेला वाटतं सासूबाईंना जाड झाल्याची लाज वाटते. वाटू दे.

त्या वर्षीची ट्रायल आमच्याच सेंटरला होती आणि ती आली नेमकी गौरी-गणपतीत. ट्रायल जिंकली की फुलमनी परदेशी जाणार होती, परत आली की रेल्वेत नोकरी, आणि नोकरी लागली की धाकट्या दोन भावांना इकडे आणायचं, असं तिचं सगळं ठरलेलं होतं. ती मला मॅटवर पाडून वरून विचारायची, "दर्शू, क्वार्टरमध्ये चूल मांडू देतात का गो?" शेवटचे दोन आठवडे आम्हाला जेवण असं नव्हतंच. उकडलेली अंडी, तीही पिवळं काढून, आणि काकडी. पाणी घोटघोट. अंगावर प्लास्टिकचा सूट चढवून हिरव्या कार्डवाल्यांच्या ट्रॅकवर पळायचं, त्यांच्या मॉर्निंग वॉकच्या मधून वाट काढत. घरी आले की आये माझ्या तोंडाकडे बघायची आणि भांडी जोरजोरात आपटायची. एकदा बाबांना म्हणाली, "जमीन दिली ती दिली, आता पोरगी पन वालवून देऊ का त्यांना?" बाबा म्हणाले, "दोन दिवसांचा प्रश्न हाय." बाबांचा प्रत्येक प्रश्न दोन दिवसांचा असायचा.

आमच्याकडे गौर तेरड्याची, आणि तिचा नैवेद्य तिखटाचा. चिंबोऱ्यांचं कालवण, वडे, तांदळाची खीर. आणि आमच्या घरातली रीत अशी की गौरीला पान दाखवलं की पहिलं पान घरातल्या कुवार पोरीला वाढायचं. ती जेवल्याशिवाय घरातलं कुणी तोंडात घास घालत नाही. पोर उपाशी राहिली तर गौर उपाशी गेली, असं आये मानायची, तिची आई मानायची. त्या वर्षी आयेने दोन पानं मांडली होती, एक माझं, एक फुलमनीचं. संध्याकाळी सहाला अधिकृत वजन होतं, म्हणून मी सकाळीच सांगितलं होतं, आये, आज नको, उद्या जेवू दोघी. पण दुपारी बारा वाजता घर भरलेलं, आत्या आलेली, गौरीपुढे दिवा, आणि आये केळीच्या पानापुढे उभी राहून माझ्याकडे बघत होती. "फुलमनीला आनलं नाय?" तिने विचारलं. "नाय सोडत आज तिला," मी म्हणाले. आयेच्या डोळ्यांत पाणी आलं. "मंग तू तरी बस. गौरीला उपाशी धाडू नको गो बाय." मी बसले. आणि खोटं कशाला बोलू, बसल्यावर मी काही दोन घास खाऊन उठले नाही. मी जेवले. पोटभर जेवले, वर तांब्याभर पाणी प्याले. आयेने फुलमनीचं पान डब्यात भरून माझ्याकडे दिलं. गेटवर वॉचमनने सरांना फोन करून विचारलं आणि तो डबा ठेवून घेतला. बाहेरचं अन्न निळ्या दारातून आत नेता येत नसे.

आत गेल्या गेल्या मी सरांना सांगितलं, "सर, मी आज जेवलेय. घरी गौर होती. आज माझा काटा धरू नका." स्पष्ट, याच शब्दांत सांगितलं. पण सरांनी मला काट्यावर उभं केलंच. काटा चढला होता, चांगलाच चढला होता. सरांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीला टेकून बसलेल्या फुलमनीकडे.

"हिनेही खाल्लंय," ते म्हणाले.

"नाही सर, डबा तर गेटवरच राहिला. वॉचमनला विचारा."

"एक डबा गेटवर राहिला. दुसरा? मी या धंद्यात काल नाही आलो, दर्शना. आजवर तू खाल्लंस आणि तिने नाही खाल्लं, असं कधी झालंय का?"

फुलमनी हिंदीत म्हणाली, "सर, कसम से, कुछ नहीं खाया." तिचे ओठ फुटले होते, बोलताना जीभ टाळूला चिकटत होती.

"शेवटच्या दिवशी सगळ्याच कसम खातात."

मी म्हणाले, "मग तिलाच उभी करा ना काट्यावर! समोर तर आहे!"

सर फुलमनीकडे वळले. ती भिंतीला आणखी चिकटली आणि म्हणाली, "काटा नको. नको, सर. मैं स्टीम में बैठती हूँ." सर मला म्हणाले, "बघितलंस? आत्ता उभी केली तर संध्याकाळी ही गेलीच कामातून. चला, स्टीम."

लेडीज स्टीम मेंबरांच्या बाजूला होतं. दुपारी दोन ते तीन ते आमच्यासाठी रिकामं ठेवत, तीननंतर हिरव्या कार्डवाल्या बायांचा टाइम. सर बाहेर खुर्ची टाकून बसले आणि आम्ही दोघी आत. लाकडी बाक, पांढरी वाफ, निलगिरीचा वास. माझ्या अंगातून पाणी निथळायला लागलं. फुलमनीने भिंतीला डोकं टेकलं आणि विचारलं, "काय काय होतं गो?" मी म्हणाले, "राहू दे ना." "सांग." मग मी सांगत गेले. चिंबोऱ्या कुठून आणल्या, कालवणाला कसा लालभडक तवंग होता, वडे किती फुगले, खिरीत आत्याने वेलची जास्त टाकली म्हणून आये कशी चिडली. ती डोळे मिटून ऐकत होती. "चिंबोरीचा मोठा नांगा कुनी खाल्ला?" मी म्हणाले, "तुझ्या डब्यात टाकलाय." ती हसली, आणि तेव्हा तिने तोंडावर हात घेतला नाही. मी तिचा दंड धरला तर तो कोरडा होता. तापलेला आणि कोरडा. मी ओल्या हाताने पुसून पाहिलं, पुन्हा कोरडा. मी दार उघडून बाहेर आले. "सर, तिला घाम येत नाहीये." सर घड्याळाकडे बघून म्हणाले, "येत नाही ना? म्हणूनच तर बसवलंय. आणखी थोडा वेळ." मी म्हणाले, "सर, तिचं अंग भाजतंय!" ते म्हणाले, "स्टीममध्ये अंग गार पडतं का?"

मी परत आत गेले तेव्हा ती बाकावरून घसरून खाली बसली होती आणि काहीतरी बोलत होती, पण ते मराठी नव्हतं, हिंदीही नव्हतं, तिच्या गावाकडचं काहीतरी होतं. मी तिला ओढायला लागले. रोज मला उचलून आपटणारी पोर माझ्याच्याने हलेना, इतकी ती सैल पडली होती. मी किंचाळले. बाहेर तीनच्या टाइमाच्या बाया टॉवेल घेऊन उभ्या होत्या. त्यातली एक आधी म्हणाली, "अहो, आमचा स्लॉट सुरू झालाय." मग तिने आत पाहिलं. दुसरी एक बाई डॉक्टर निघाली, ती टॉवेल टाकून धावली, फुलमनीला फरशीवर आडवं करून पाणी ओतायला लागली आणि सरांना अशा शिव्या घातल्या की त्या तसल्या बाईच्या तोंडी मी कधी ऐकल्या नव्हत्या. ॲम्ब्युलन्स आली. फुलमनीचा हात माझ्या हातात होता, तो त्यांनी सोडवला.

ती दोन दिवस जगली. हॉस्पिटलमध्ये औषधाचा हिशेब करायला त्यांनी पलंगासकट तिचं वजन केलं आणि त्यातून पलंगाचं वजा केलं. एकोणपन्नास. नुसतं बावन्नाच्या आत नाही, पार खाली. तिला घाम गाळायची काही गरजच नव्हती. ती संध्याकाळी काट्यावर चढली असती तर वर आणखी पाणी पिऊन, चार घास खाऊन चढली असती. नर्सने तो आकडा सहज सांगितला आणि आये तिथेच जमिनीवर बसली. तिला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. पोरीला घाम का गाळायला लावला, ते तिला बरोब्बर कळलं.

फुलमनीचे वडील आले ते सगळं संपल्यावर. काळा, किडकिडीत माणूस, सोबत गावचा एक जण. आये त्यांच्यापुढे जायला तयार नव्हती, तोंड कसं दाखवू म्हणत होती. तेच तिच्याकडे आले. म्हणाले, "फोन पे बहुत बोलती थी आपके बारे में. बोलती थी, बाबा, इधर भी एक घर है, भात खिलाते हैं." आयेने पदर तोंडात कोंबला. त्या माणसाला काय माहीत, तो कुणाला काय सांगतोय!

पुढे चौकशी झाली. मी बाहेर येऊन दोनदा सांगितलं होतं, हे मी चौकशीवाल्यांना सांगितलं, डॉक्टरबाईंनीही सांगितलं. शेवटी निघालं काय, तर खेळाडू स्वतःच्या इच्छेने स्टीममध्ये बसली होती. आणि ती तसं म्हणाली होती, हे खरंच! काही आठवडे स्टीमला कुलूप होतं, मेंबरांनी तक्रारी केल्या, कुलूप उघडलं. घरात आयेने वाढणं सोडलं. रांधायची, पण पानात स्वतःच्या हाताने घालायची नाही. भांडी मधे ठेवून म्हणायची, घ्या ज्याला पायजे तेवढं. मी तिला हजारदा म्हटलं, आये, तुझी चूक नाय, त्याची हाय, मी सांगितलं होतं त्याला. ती ऐकून घ्यायची. म्हणायची, "मी एकीलाच कशाला वाढलं गो?" मला सरांचा राग यायचा आणि रात्रंदिवस तोच यायचा. आयेला मात्र राग यायचा नाही, तिचं नुसतं आतून जळत होतं.

आणि मग एके दिवशी दुपारी सर आमच्या घरी आले. हातात पेढ्यांचा पुडा. बाबा कामावर होते. मी आतल्या खोलीच्या दारात उभी राहिले, त्यांना नमस्कारही केला नाही. सर खाटेच्या कडेला बसले, झालं ते फार वाईट झालं म्हणाले, खाली बघून म्हणाले, आणि मला वाटतं ते तेव्हा खरंच बोलत होते. मग त्यांनी घसा साफ केला. हॉस्टेलला नवी मुलगी आली होती, अश्विनी, मराठवाड्याची, सतरा वर्षांची. तिला पार्टनर नव्हती.

"ती सत्तावन्नची आहे," सर म्हणाले. "दर्शनाला पाच किलो वाढवावं लागेल. आता काही बंधन नाही, काकू. तुम्ही तिला खाऊ घाला. भरपूर खाऊ घाला."

मला वाटलं, आये आता चुलीतलं लाकूड घेऊन उठेल. मी तर वाटच बघत होते. पण ती नुसतं म्हणाली, "त्या पोरीची आई कुटं हाय?"

"गावाला."

"तिचा नंबर द्या."

सर गोंधळले, पण त्यांनी फोन काढून नंबर स्पीकरवर लावून दिला. आयेने फोन कानाला न लावता समोर जमिनीवर ठेवला आणि त्याच्यावर वाकून बोलायला लागली. "बाय, मी नवी मुंबईतून बोलते. तुजी पोर हाय तिथं शेजारी रहाते. मी तुना सांगते ते नीट आईक. पोरीला घेऊन जा. हिथं ठेवू नको."

पलीकडून घाबरलेला आवाज आला. "का वो ताई? काय झालं? आजारी हाय का?"

"नाय, आजारी नाय. पन घेऊन जा."

"आजारी नाय नव्हं?" बाई जराशी सावरली. मग चाचरत म्हणाली, "ताई, एक इचारू का? तिथं जेवायला पोटभर देत्यात ना? पोरगी म्हनती, रोज दोन येळा अंडी, दूध, सगळं. खोटं तर बोलत नाय ना माझ्या समाधानापायी?"

फोनमधून बाईचा श्वास ऐकू येत होता आणि मागे कुठेतरी लहान मूल रडत होतं.

"देतात," आये शेवटी म्हणाली. "देतात, बाय."

"मग असू द्या वो ताई तिला तिथंच. हितं आणून काय घालू मी तिला?"

फोन बंद झाला. उठायचं की बसायचं, सरांना कळेना. मी म्हणाले, "मी नाय येणार, सर. मेले तरी नाय येणार." आयेने माझ्याकडे पाहिलं नाही. ती सरांकडे बघत म्हणाली, "दर्शू येल. त्या पोरीला एकटी नाय ठेवायची तुमच्याजवल. पन काट्यावर ती पोर सोता उभी र्‍हाईल. रोज. घाबरली तरी, वकली तरी. मी तिला धरीन. मी येनार रोज सकालची, मना आत सोडायचा."

"काकू, पालकांना निळ्या दारातून—"

"माजं शेत हाय ते," आये म्हणाली. ती उठली, पेढ्यांचा पुडा उचलून सरांच्या हातात परत दिला आणि दार उघडून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला हाक मारायच्या आधीच ती तयार होती. बाहेर अजून अंधार होता. पडवीतल्या लाइटखाली लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन ती चपला घालत होती. मला म्हणाली, "चल गो, ती पोर उठली असल."